मॅन-ॲट-आर्म्स: ही-मॅनच्या जगात शिरायचं तर मिशीवाल्याचं बोट धरा

आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर बरीच वर्षं एक परदेशी पहारेकरी होता. बाकीचे मावळे कुंभाराकडून आणलेले, बोटभर उंचीचे, मातीचे. हा मात्र चांगला वीतभर उंच, हिरव्या अंगाचा, छातीवर केशरी चिलखत, डोक्यावर निळं शिरस्त्राण आणि हातात गदा. गदेमुळे आजी त्याला ‘तुझा मारुती’ म्हणायची. शेजारचा दादा म्हणायचा, ‘हा ही-मॅनचा सासरा.’ दुबईहून आलेल्या मामाने तो आणला होता आणि मी मनातून थोडा खट्टू झालो होतो, कारण मला ही-मॅन हवा होता. मामाच्या दुकानात ही-मॅन संपला होता म्हणे.

त्या खट्टू होण्यातून मी आज शहाणा झालोय. ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ या ही-मॅनच्या खेळण्यांच्या, कार्टूनच्या आणि चित्रपटांच्या पसाऱ्यात नव्याने शिरणाऱ्या कुणीही मला विचारलं, की कुठून सुरू करू, तर मी सांगतो, ही-मॅनपासून करू नका. ही-मॅन हरत नाही, त्याला काही शिकायचं नसतं आणि दर भागात तो तेच करतो. त्याच्या बाजूला उभा असलेला मिशीवाला बघा. नाव डंकन, हुद्दा मॅन-ॲट-आर्म्स. त्याचं बोट धरलंत की इटर्नियाचा राजवाडा, ग्रेस्कलचा किल्ला, खेळण्यांचा कारखाना आणि मालिकेचा स्टुडिओ अशा चारही ठिकाणी फिरून येता.

हे लिहितोय ते अगदी कोऱ्या पाटीच्या माणसासाठी. लहानपणी दूरदर्शनवर ही-मॅन पाहिलेल्यांना पहिली पायरी ओलांडून पुढे जायला हरकत नाही.

पहिली पायरी: हा माणूस नेमका कोण

इटर्निया नावाचं एक जग आहे, तिथे तलवारीही आहेत आणि उडणारी यंत्रंही. राजा रँडॉर, राणी मार्लेना, त्यांचा आळशी वाटणारा मुलगा राजपुत्र ॲडम. ॲडम तलवार उंचावून मंत्र म्हणतो आणि ही-मॅन होतो. त्याचा भित्रा वाघ क्रिंजर बॅटल कॅट होतो. समोर कवटीच्या तोंडाचा स्केलेटर. त्याला ग्रेस्कलचा किल्ला हवा आहे. एवढं पुरे.

आता डंकन. ‘मॅन-ॲट-आर्म्स’ हे त्याचं नाव नव्हे, पद आहे. मध्ययुगीन युरोपात चिलखत घालून लढणाऱ्या धंदेवाईक योद्ध्याला हा शब्द वापरत. आपल्या किल्ल्यांवर सरनोबत आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असायचे, एक फौजेचा, दुसरा कोठाराचा आणि सामानाचा. डंकन या दोन्ही खुर्च्यांवर एकटा बसतो. राजाची फौज तो शिकवतो, राजपुत्राला तलवार तो शिकवतो आणि उरलेल्या वेळात कार्यशाळेत नवं काहीतरी जुळवत असतो. ॲटॅक ट्रॅक नावाचं बोलणारं रणगाडेवजा वाहन, विंड रेडर नावाचं उडतं वाहन, ही सगळी त्याच्या खात्यातली मंडळी. ऑर्को नावाचा हवेत तरंगणारा छोटा जादूगार येऊन त्याच्या यंत्रात नको तिथे बोट घालतो, काहीतरी फुटतं आणि डंकन डोक्याला हात लावतो. हा विनोद इतक्या वेळा येतो, की तिसऱ्या भागानंतर ऑर्को दारात दिसला की तुम्हीच ओरडाल.

पण त्याचं खरं महत्त्व मालिकेच्या सुरुवातीच्या निवेदनातच आहे. तिथे ॲडम स्वतः सांगतो, की माझं गुपित फक्त तिघांना ठाऊक आहे: ग्रेस्कलची रक्षक सॉर्सेरेस, मॅन-ॲट-आर्म्स आणि ऑर्को. (क्रिंजरलाही ठाऊक आहे, पण त्याला कोण मोजतो.) या यादीत कोण नाही ते बघा. राजा नाही, राणी नाही. आणि टीला नाही. टीला म्हणजे राजाच्या पहारेकऱ्यांची प्रमुख, डंकनची मुलगी. मुलगी पोटची नव्हे, सांभाळलेली. तिची खरी आई सॉर्सेरेस, आणि तेही डंकनला माहीत आहे, टीलाला नाही.

म्हणजे हा गृहस्थ रोज सकाळी उठून राजाला तोंड दाखवतो आणि त्याच्या मुलाचं गुपित दडवतो. संध्याकाळी मुलीबरोबर जेवतो आणि तिच्याच आईचं नाव दडवतो. शेजारचा दादा ‘सासरा’ म्हणायचा त्यात थट्टा होती, पण घरातल्या वडीलधाऱ्याचं ओझं त्याने बरोबर हेरलं होतं. नव्या माणसाने एक गोष्ट गाठीला बांधावी: या पात्राचा कुठलाही अवतार बघताना, डंकन कोणापासून काय लपवतोय एवढं विचारत राहायचं. गोष्ट आपोआप उलगडते.

दुसरी पायरी: मिशीचं कोडं सोडवा

ही पायरी लोक टाळतात आणि मग खेळणं हातात आल्यावर गोंधळतात. जुन्या खेळण्यातल्या मॅन-ॲट-आर्म्सला मिशी नाही! गुळगुळीत, चौकोनी जबड्याचा माणूस. आणि कार्टूनमधला मात्र भरघोस तपकिरी मिशीचा. ‘नकली माल आला’ म्हणून घाबरणारे मी पाहिलेत. माल नकली नाही. दोन वेगवेगळ्या घरांत हा माणूस वाढला, एवढंच.

क्रम असा. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने ही खेळणी १९८२ मध्ये बाजारात आणली. रॉजर स्वीट आणि मार्क टेलर ही मॅटेलच्या दोन डिझायनरांची नावं या जन्मकथेत हमखास भेटतील. श्रेय कोणाचं किती यावर चाहत्यांत अजून वाद चालतो, त्यात नव्या माणसाने पडू नये. पहिल्या तुकडीत आठ जण होते: ही-मॅन, स्केलेटर, मॅन-ॲट-आर्म्स, बीस्ट मॅन, टीला, मर-मॅन, स्ट्रॅटोस आणि झोडॅक. म्हणजे आपला गडी पहिल्या पंगतीतला. तेव्हा मालिका नव्हती. प्रत्येक खेळण्याबरोबर एक चिमुकलं पुस्तक यायचं. पहिल्या चार पुस्तकांची गोष्ट डॉनल्ड ग्लटची आणि चित्रं अल्फ्रेडो अल्काला यांची. त्यांत राजपुत्र ॲडमच नाही. ही-मॅन हा जंगलातल्या टोळीतून आलेला वीर आहे. गुपितच नाही, तर गुपित राखणारा तरी कुठून येणार? तिथला मॅन-ॲट-आर्म्स नुसता शस्त्रांचा जाणकार लढवय्या आहे.

मग १९८३ मध्ये फिल्मेशन या स्टुडिओची मालिका आली. लू शायमर तिचे निर्माते. दोन हंगाम, प्रत्येकी ६५ भाग, एकूण १३०. फिल्मेशनच्या लोकांना पडद्यावर कुटुंब उभं करायचं होतं. पोरगा, पोरगी, राजा, विदूषक झाले; आता एक वडीलधारा हवा. त्यांनी चिलखतवाल्याला डंकन केलं, वयाने वाढवलं आणि मिशी लावली. चिलखत आणि शिरस्त्राण खेळण्याचंच राहिलं. मॅटेलने मात्र त्या काळातला साचा बदलला नाही. त्यामुळे मुलं टीव्हीवर मिशी बघायची आणि हातात बिनमिशीचा धरायची. मी यावर तेव्हा एक उपाय केला होता, तो पुढे सांगतो.

खेळण्यावरून मालिका काढणं तेव्हा अमेरिकेत साधी गोष्ट नव्हती, हेही इथेच सांगून टाकतो. १९६९ मध्ये मॅटेलच्याच हॉट व्हील्स गाड्यांवर कार्टून आलं, तेव्हा ‘ही मालिका नव्हे, अर्ध्या तासाची जाहिरात आहे’ अशी तक्रार तिथल्या प्रसारण आयोगाकडे गेली होती आणि आयोगाने ती मनावर घेतली होती. ऐंशीच्या दशकात वारं फिरलं. तरी टीका होणारच होती, म्हणून ही-मॅनच्या प्रत्येक भागाच्या शेवटी एखादं पात्र प्रेक्षकाकडे वळून चार शब्द बोधाचे सांगतं. हे काम बऱ्याचदा डंकनकडे येतं. शिक्षकाचा चेहरा तोच ना. ही-मॅन तलवारीने कुणाला कापत नाही, उचलून चिखलात फेकतो. तुटतात ते यंत्रमानव. एकदा हे लक्षात आलं की मालिकेतल्या मारामाऱ्यांकडे बघायची नजर बदलते.

तिसरी पायरी: काय बघायचं, आणि कशाला हात लावायचा नाही

१३० भाग सलग बघायला बसू नका. मी दोनदा प्रयत्न केलाय. फिल्मेशनची तीच ती चित्रं परत वापरायची सवय पन्नासाव्या भागापर्यंत अंगावर येते: ही-मॅन त्याच कोनातून धावतो, तीच उडी मारतो, तोच ठोसा पडद्याकडे येतो. खर्च वाचवण्यासाठी नमुन्याची दृश्यं साठवून ठेवायची आणि मागचं चित्र बदलून ती पुन्हा लावायची, ही त्यांची रीत होती. वाईट म्हणत नाही. इतर स्टुडिओ काम परदेशी धाडत असताना यांनी ते अमेरिकेत ठेवलं, त्याची ही किंमत होती.

सुरुवात ‘टीलाज क्वेस्ट’पासून करा. टीलाला आपली आई कोण हे जाणून घ्यायचं आहे. डंकन सांगत नाही, सांगू शकत नाही. ती रागाने स्फटिकसागराच्या द्रष्ट्याला विचारायला एकटी निघते आणि मर-मॅनच्या तावडीत सापडते. शेवटी तिला उत्तर मिळतं. सॉर्सेरेस स्वतः सांगते, की मीच. आणि लगेच, दोघींच्या भल्यासाठी, ती आठवण पुसून टाकते. टीला पुन्हा पहिल्यासारखी हसत उभी राहते. लहानपणी मला यात जादू दिसली होती. आता मी डंकनकडे बघतो. मुलीला उत्तर मिळालं आणि गेलं, हे त्याला कळतं, आणि त्याला पुन्हा उद्यापासून तोच खोटेपणा चालू ठेवायचा आहे. बावीस मिनिटांच्या, खेळणी विकायला काढलेल्या कार्टूनमध्ये हे आहे.

दुसरा भाग ‘द ड्रॅगन्स गिफ्ट’. स्केलेटर मॅन-ॲट-आर्म्सला स्फटिकाचा पुतळा करून टाकतो. तो सोडवायचा उपाय ग्रॅनामिर नावाच्या प्राचीन ड्रॅगनकडे आहे, आणि ड्रॅगन किंमत सांगतो: इटर्नियावरचं सर्वांत जुनं झाड तोडून ये. मालिकेतला सर्वांत बलवान माणूस झाडासमोर उभा राहतो, आणि त्याचा हात चालत नाही. मित्राला वाचवण्यासाठी दुसरा जीव घ्यायचा का, हा पेच आहे. या भागात डंकन जवळपास सबंध वेळ दगडासारखा उभा आहे, एक शब्द बोलत नाही, तरी भाग त्याचाच आहे. त्याच्यासाठी ही-मॅन कुठवर जाईल आणि कुठे थांबेल, यावरून या नात्याची खोली मोजता येते.

या दोन भागांनंतर एक खेळ करा. डंकन आणि स्केलेटर दोघेही बोलतात असा कुठलाही भाग लावा आणि डोळे मिटा. दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत! ॲलन ओपनहायमर. भित्रा क्रिंजर आणि डरकाळ्या फोडणारा बॅटल कॅटही तेच. स्केलेटरचा चिरका, नाकातून येणारा आवाज आणि डंकनचा खालच्या पट्टीतला, समजावणीचा सूर एकाच गळ्यातून निघतात. कळल्यावरही विश्वास बसत नाही. या मालिकेचा आवाजांचा संसार फारच थोड्या माणसांनी पेलला. टीला, सॉर्सेरेस, राणी मार्लेना आणि स्केलेटरच्या बाजूची एव्हिल-लिन या चौघी लिंडा गॅरी यांच्या आवाजात आहेत. म्हणजे ‘टीलाज क्वेस्ट’मध्ये आई आणि मुलगी एकाच आवाजात एकमेकींशी बोलतात. हे मुद्दाम केलेलं नाही, बचत होती. तरी काय जमून आलंय!

तिसरं, १९८५ चा ‘द सीक्रेट ऑफ द स्वोर्ड’. शी-राची ओळख करून देणारा हा चित्रपट. ॲडमला जुळी बहीण होती, ॲडोरा (हीच पुढे शी-रा होते), आणि ती तान्ही असताना हॉर्डॅक नावाच्या खलनायकाने पळवली. ती होती हेच सगळ्यांच्या स्मृतीतून पुसलं गेलं. ज्यांना आठवत राहिलं अशा मोजक्या माणसांत आपला डंकन. तिसरं गुपित! आता तुम्ही मोजायला लागला असाल, तर तुम्ही योग्य रस्त्यावर आहात.

बाकीचे भाग सवडीने. ऑर्को नाव शीर्षकात असलेले भाग मी तरी शेवटी ठेवतो.

चौथी पायरी: पुढचे डंकन

१९८७ चा माणसांचा चित्रपट आला, डॉल्फ लुंडग्रेन ही-मॅन. त्यात डंकन झाला जॉन सायफर. पैशांच्या ओढाताणीत गोष्ट इटर्निया सोडून पृथ्वीवर येते, त्यामुळे कार्यशाळा वगैरे काही दिसत नाही. एकदा बघा, गंमत म्हणून.

२००२ ची मालिका मात्र चुकवू नका. ३९ भाग, कार्टून नेटवर्कसाठी केलेली. इथे डंकनला घर मिळतं: लोखंडी मुठीचा फिस्टो हा त्याचा भाऊ आहे, आणि दोघांत जुनं काही सलतंय. आवाज गॅरी चॉक यांचा. यातला डंकन जास्त सैनिक आहे, कमी मास्तर. मला हाच सर्वांत आवडतो, पण हे माझं मत झालं.

२०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर दोन मालिका आल्या, आणि नवखा माणूस इथे हमखास चुकतो. एक जुलैमध्ये आलेली ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स: रेव्हलेशन’, केव्हिन स्मिथ यांची. ती फिल्मेशनची मालिका पाहिलेल्या, आता वाढलेल्या प्रेक्षकांसाठी आहे. दुसरी सप्टेंबरमध्ये आलेली संगणकीय चित्रांची, तिचं नाव पुन्हा ‘ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’च. ती लहान मुलांसाठी आहे आणि त्यात डंकन चक्क पोरगेला आहे, क्रोनिस नावाच्या कारागिराच्या हाताखाली शिकणारा. मुलीबिलीचा प्रश्नच नाही. एकीसाठी शोधायला जाऊन दुसरी लावलीत तर ‘मिशी कुठे गेली’ म्हणून पुन्हा दुसऱ्या पायरीवर याल.

‘रेव्हलेशन’ शेवटी बघा, कारण तिथे डंकनने वर्षानुवर्षं राखलेल्या गुपितांचं बिल येतं. कथेतला मोठा धक्का सांगत नाही. इतकंच सांगतो, की पहिल्याच भागात मॅन-ॲट-आर्म्स हे पद टीलाला मिळतं, त्याच भागात सगळं फुटतं, राजाला कळतं, टीलाला कळतं, आणि दोघंही डंकनकडे ज्या नजरेने बघतात ती नजर १९८३ पासून येणं बाकी होतं. इथे डंकनचा आवाज आयर्लंडच्या लिअम कनिंगहॅम यांचा आहे. आणि जुन्या डंकनचे ओपनहायमर? तेही आहेत, मॉस मॅन या हिरव्या, शेवाळाच्या माणसाच्या आवाजात. ते ओळखू आले की छान वाटतं. याचाच पुढचा भाग ‘रेव्होल्यूशन’ २०२४ मध्ये आला.

ट्रॅव्हिस नाइट यांच्या नव्या चित्रपटात या भूमिकेसाठी इद्रिस एल्बा यांची निवड झाली. मिशीचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला ते ज्याने त्याने पडद्यावर बघावं.

पाचवी पायरी: खेळणं घ्यायचं असेल तर

पाहून झाल्यावर हात शिवशिवतातच. दोन रस्ते आहेत: जुनं किंवा नवं.

नव्यात सर्वांत सोपी ‘ओरिजिन्स’ ही खेळण्यांची मालिका, २०२० पासून दुकानांत आलेली. उंची जुन्याएवढीच, साडेपाच इंच, पण कोपर आणि गुडघे वळतात. डोकं, हात, पाय सुटे करून एकमेकांत बदलता येतात. बिनमिशीचा हवा की कार्टूनसारखा मिशीचा, हे घेण्याआधी चित्रात नीट बघून घ्या, कारण दोन्ही निघाले आहेत. पहिल्यांदा घेणाऱ्याने हाच घ्यावा. मुलं खेळली तरी जीव खालीवर होत नाही.

जुना घ्यायचा तर आधी तो कसा असतो ते हातात न धरता पाठ करा. धड कमरेशी वळवून सोडलं की झटक्यात परत फिरतं, म्हणजे गदा फिरवल्यासारखं. आत स्प्रिंग आहे. पाय आतून रबरी पट्टीने अडकवलेले असतात. ती सैल झाली की गडी उभा राहत नाही, दारुड्यासारखा एका बाजूला कलतो. डोकं मऊ, पोकळ व्हिनाइलचं. सुटे भाग मोजा: छातीचं चिलखत, डाव्या हाताचं कवच, डाव्या पोटरीचं कवच, आणि गदा. चारही केशरी. कवचं निसटून हरवतात. त्यामुळे ‘पूर्ण’ लिहिलेला माल आला तरी हाताचं कवच आहे ना, हे फोटोत मोठं करून बघायचं.

पाठीवर मॅटेलचं नाव, साल आणि देश कोरलेला असतो. साल बहुतेक १९८१ दिसेल. विकणारा म्हणतो, ‘बघा, एक्क्याऐंशीचा, पहिला माल.’ ते कॉपीराइटचं साल आहे, तयार झाल्याचं नव्हे. पुढे कितीतरी वर्षं त्याच साच्यातून माल निघत होता आणि तेच साल उमटत होतं. देश मात्र बघण्यासारखा. तैवान, मलेशिया, मेक्सिको अशा ठिकाणी ही खेळणी तयार झाली आणि रंगाच्या छटा त्यानुसार बदलतात.

आपल्याकडचा धागाही इथेच लागतो. व्हीआयपी बॅगावाल्या ब्लो प्लास्टच्या लिओ या खेळणी विभागाने मॅटेलच्या परवान्याखाली भारतात ही फिगर काढली. ‘लिओ मॅटेल’ एवढं म्हटलं की जगभरचे संग्राहक कान टवकारतात, कारण भारतीय मालाचे रंग कधीकधी बाकीच्यांपेक्षा निराळे असतात. तेव्हा माळ्यावरची जुनी पेटी भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. नुसतं खोकं असलं तरी ठेवा.

मी फसलोय, म्हणून हेही सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑनलाइन एकाकडून सगळ्या भागांसकट एक मॅन-ॲट-आर्म्स घेतला. फोटो संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली काढलेले. घरी आल्यावर उजेडात धरला तर चिलखत भगवं आणि गदा संत्र्याच्या गोळीसारखी. गदा नव्याने ओतलेली होती. कडा धारदार, साच्याची शिवण बोटाला लागणारी, आणि हातात धरल्यावर किंचित चिकट. तेव्हापासून माझा नियम: दिवसाच्या उजेडातला फोटो मागायचा, आणि सगळे केशरी भाग एकाच फोटोत, एकमेकांना खेटून ठेवलेले. जो विकणारा असा फोटो द्यायला कां-कूं करतो, त्याला नमस्कार करायचा.

स्वच्छतेचं थोडक्यात. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. बुडवायचं नाही. कमरेतून पाणी आत गेलं की स्प्रिंगला गंज चढतो, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तो सुकतही नाही. नेलपॉलिश काढायचं द्रव्य चुकूनही नको, शिरस्त्राणाचा निळा रंग कापसावर येईल. उन्हात खिडकीशी ठेवू नका, केशरी रंग आधी जातो. औषधांच्या डब्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या पेटीत टाकल्या तर आर्द्रतेची निम्मी चिंता मिटते. चिलखत काढून ठेवताना पट्टा ताणू नका. चाळीस वर्षांचं प्लास्टिक आहे, ‘टक’ असा आवाज आला की संपलं.

आणि बॉलपेन. बॉलपेनची शाई व्हिनाइलवर पडली की आत मुरते. साबणाने जात नाही, स्पिरिटने पसरते, घासली तर चकाकी जाते आणि शाई राहते. मला हे इतकं नक्की माहीत असण्याचं कारण म्हणजे किल्ल्यावरचा तो गडी. टीव्हीवर मिशी होती, याला नव्हती, आणि अभ्यासाच्या पेटीत निळा पेन होता. दुसरीत असताना मी त्याच्या ओठावर, जीभ बाहेर काढून, अगदी लक्ष देऊन दोन्ही बाजूंना खाली वळणारी मिशी काढली. हात एकदा हलला, म्हणून डावी बाजू गालापर्यंत गेली.

पुढे संग्रह करायला लागल्यावर एका जाणकाराने तो बघून मान हलवली आणि म्हणाला, डोकं बदलून टाक, सुटं मिळतं. मिळतं खरं. यंदाही तो अळीव पेरलेल्या मातीत, दिंडी दरवाज्याशी गदा घेऊन उभा होता, एक पाय सैल म्हणून विटेच्या तुकड्याला टेकलेला. मिशी निळीच आहे.